ताडीवर फुगवलेला पाव

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण शनिवार-रविवार आमच्याकडे राहायला आली. आमचं घर बोईसरजवळ पाम गावात, तिचं सफाळ्याला. आल्या आल्या म्हणाली, "भावजी, किती दिवस पुस्तकांत तोंड खुपसून बसणार? चला, शिरगावचा किल्ला बघू. येताना ताडी आणू आणि पाव करू."

पाव बायकोचा. तिच्या माहेरी वड्यांचं पीठ ताडीने फुगवतात. तिने तोच हात पावाला लावला. दुकानातलं यीस्ट तिला चालत नसे. ताडी सकाळचीच हवी, उन्हं चढली की ती आंबट होते. तिच्या शेवटच्या दिवाळीनंतर मात्र तिने पाव करणं थांबवलं. शिरगावची बाई आता ताडी ठेवत नाही, म्हणाली. मी ते खरं मानलं आणि बेकरीतून पाव आणू लागलो.

किल्ला लहानसाच. तटावरून समुद्र पाहिला. मेहुणीने माझे फोटो काढले, हसा म्हणाली, मी हसलोही. खाली रस्त्याकडेला ताडीवाली बाई कॅन मांडून बसली होती. मेहुणीला तिने लगेच ओळखलं.

"बहीण गेली ना गं तुजी? ऐकलं मी."

मी सहज विचारलं, "मधे तुम्ही ताडी ठेवणं बंद केलं होतं ना?"

"मी? नाय हो दादा. तीच बोलली, आता माज्यासाठी नको ठेवू, पुढच्या सालाला मी नाय. ही होती ना संगं. दिवाळीची रांगोळी पन पुसली नव्हती."

मेहुणी कॅनचं झाकण घट्ट लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं.

बायकोचं दुखणं मला कळलं ते त्या दिवाळीनंतर चार महिन्यांनी, शिमग्याच्या आठवड्यात. डॉक्टरांसमोर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. ते सगळं माझ्याकडेच बघून सांगत होते, याचं तेव्हा नवल वाटलं नाही. तिने माझा हात धरला होता. दोघांनी ते एकाच क्षणी ऐकलं, एवढं तरी आमचं एकत्र झालं, असं मी तोवर मनाशी धरून होतो.

शिरगावहून आम्ही रिक्षाने परतलो. ताडी थांबत नाही. घरी आल्याबरोबर मेहुणीला पीठ भिजवावं लागलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तुला माहीत होतं."

"हो." ती मळत राहिली. "शपथ घातली होती तिने. म्हणाली, ह्यांना सांगितलं की हे आजाराची पुस्तकं आणून अभ्यासाला बसतील. मला चार महिने घरात नवरा हवाय, विद्यार्थी नको."

हे बायकोचंच बोलणं होतं. शंकेला जागा नव्हती.

त्या चार महिन्यांत मी काय केलं, ते रात्रभर आठवत राहिलो. पुस्तकांसाठी नवं कपाट करून घेतलं. आमटी अळणी झाली म्हणून एकदा जेवणावरून उठलो. पुण्याला ग्रंथप्रदर्शनाला पाच दिवस राहून आलो. जा म्हणाली, वर डबा बांधून दिला. माहीत असतं तर मी उंबरा ओलांडला नसता. ते पाच दिवस माझेही होते. ते तिने मला न विचारता खर्चून टाकले.

रविवारी सकाळी पाव भाजला.

"भावजी, जमलाय?"

जमला होता. मी तसं म्हटलं नाही. "आणखी काय काय सांगून ठेवलं होतं तिने तुला?"

"आणखी काही नाही. खरंच."

संध्याकाळी तिला बोईसर स्टेशनवर सोडलं. पुढच्या महिन्यात येऊ का, तिने विचारलं. कळवतो, म्हणालो.

घरी येऊन बायकोचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून ते बंदच होतं. साड्यांच्या घड्या एकेक करून उलगडल्या. मग तिची पर्स काढली, जिला तीस वर्षांत मी कधी हात लावला नव्हता, आणि तिचे कप्पे तपासू लागलो.