ठोकून न पाहिलेल्या नऊ फरश्या

फरशी बसवली की थापीच्या मुठीनं तिच्यावर पाच ठिकाणी ठोकायचं. चार कोपरे आणि मध्य. आवाज भरीव आला तर पुढची घ्यायची. पोकळ आला तर उचलायची, खालचा सिमेंटचा मसाला खरवडायचा, नवा लावायचा. हे सगळ्या मिस्त्र्यांना माहीत असतं, करणारे थोडे. एक मिस्त्री मात्र प्रत्येक फरशीला करायचा, म्हणून त्याचं नाव ठोकेमिस्त्री पडलं.

त्याच्या बायकोचा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला, पण हात वाऱ्याचा. त्याला वादळ म्हणत. दातेरी थापीनं मसाला ओढताना मिस्त्रीच्या रेघा सरळ येत, वादळच्या अर्धगोल.

"भाऊजी, तुमची एक होईस्तोवर माझ्या तीन होतात."

"आणि तिनातली एक उचलावी लागते."

"उचलतो की! हात काय भाड्यानं आणलेत?"

आणि खरंच, सांगितलं की तो हसत उचलायचा.

त्यांच्या शहराचा विमानतळ आधी एवढासाच होता. पत्र्याची एक शेड, दिवसाला दोन विमानं. सामान हातगाडीवरून यायचं नि ज्यानं त्यानं आपली पेटी ओळखून उचलायची. मग धावपट्टी लांबवली, परदेशी विमानं उतरवायचं ठरलं. नवी इमारत उभी राहिली. सरकते जिने, सामानाचे फिरते पट्टे, पासपोर्ट तपासायच्या खिडक्या, कस्टमचं दालन. आगमनाच्या बाजूची सगळी फरशी मिस्त्रीच्या टोळीकडे आली. आठ महिने माणसं गुडघ्यांवर होती.

उद्घाटनाची तारीख अचानक अलीकडे आली. राहिला होता बाहेरच्या दारासमोरचा वळणाचा तुकडा, जिथून सामानाच्या गाड्या वळतात. नऊ फरश्या. मिस्त्रीनं मसाला पसरून ओढला, तेवढ्यात हाक आली, "फोटोला चला, मोठे साहेब आलेत." कारागिरांना रांगेत उभं केलं. पाऊण तास गेला. परत येऊन पाहतो तर मसाल्यानं साय धरलेली. बोट टेकवलं, बोटाला काही लागलं नाही.

खरवडायला हवा होता. अर्ध्या तासाचं काम. गुडघे दुखत होते, सुपरवायझर घड्याळ दाखवत होता. त्यानं नऊ फरश्या तशाच ठेवल्या, तळहातानं दाबल्या, आणि ठोकलं नाही. ठोकलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर उचलाव्या लागल्या असत्या. मागून वादळनं सांधे भरले.

तीन महिन्यांत त्यातल्या दोन फुटल्या. सुपरवायझरनं दोघांना बोलावलं.

"या तुकड्यावर कोण होतं?"

"सांधे मी भरले," वादळ म्हणाला.

"मग झालं तर! ठोकेमिस्त्रीची फरशी फुटत नाही, हे पोरंटोरं पण सांगतील. तुझीच घाई ही."

वादळनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री थापीला चिकटलेला मसाला नखानं काढत होता.

"या दोन तूच उचल, तूच लाव, आणि उद्यापासून येऊ नकोस."

वादळ उचलायला बसला तेव्हा मिस्त्री इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथं त्याचं काहीही काम नव्हतं.

पुढं विमानतळ वाढला. नवं दालन झालं, विमानाच्या दाराशी जोडायचे पूल आले. त्या कामावर मिस्त्री मुख्य होता. वादळला कुणी बोलावलं नाही. तो लोकांच्या न्हाणीघरांच्या फरश्या बसवत राहिला. मिस्त्रीच्या घरी आला की बहीण त्याला टोमणा मारायची, "भाऊजींसारखं ठोकून पाहिलं असतंस, तर आज तूही तिथं असतास." वादळ हसायचा. मिस्त्री ताटातून मान वर काढत नसे. अकरा वर्षं असंच चाललं.

मिस्त्रीला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वादळची मुलगी परदेशातून शिकून परत येणार होती. दोघं तिला आणायला गेले आणि नेमके त्याच दारासमोर उभे राहिले. दोन फरश्या नव्या, सात जुन्या. गाड्या वळत होत्या. नव्या दोन्हींवर चाकं गप्प जायची, जुन्यांवर खडखडायची.

"त्या नऊ फरश्या मी सुकलेल्या मसाल्यावर बसवल्या होत्या," मिस्त्री म्हणाला. "ठोकल्या नाहीत. तुझा काही संबंध नव्हता."

"माहीत आहे."

"कसं?"

"उचलल्या कुणी? खाली मसाला फरशीला न चिकटता जसाच्या तसा सुकला होता. सरळ रेघा, शाळेच्या वहीसारख्या. मला आयुष्यात सरळ रेघ आली नाही, भाऊजी."

"मग बोलला का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं? तुमची कीर्ती मोठी." वादळनं दाराकडे पाहिलं. "आणि तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. वर्षभर वाट पाहिली. मग सोडलं."

मिस्त्री तडक चौकशीच्या खिडकीशी गेला. "त्या दारासमोरच्या सात फरश्या पोकळ आहेत. तक्रार लिहा. बसवणाऱ्याचं नाव माझं लिहा."

खिडकीतली बाई म्हणाली, "काका, नाव कशाला? जागा सांगा, माणूस येऊन बघेल."

"नाव लिहायचं आहे."

"तो रकाना नाही हो इथं."

मिस्त्री परत आला. खिशातली किल्ली काढून गुडघ्यांवर बसला आणि फरश्यांना ठोकू लागला. चार कोपरे आणि मध्य. लोक वळसा घालून जात होते. सहाव्या फरशीवर होता तेव्हा मुलगी गाडी ढकलत बाहेर आली.

"आतोबा! काय हरवलं?"

"काही नाही गं. गाडी तिकडून घे, या कडेनं." तो उठायच्या धडपडीत म्हणाला.

वादळनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, गाडी तिच्या हातातून घेतली आणि सातही फरश्यांवरून सरळ ढकलत नेली, खडखड, हळूहळू. नेहमीची घाई न करता.