दार राहिलेलं घर

"चपलां भायर काढा. घर आसा ह्या."

मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघा, आजूबाजूला गुडघाभर गवत, आणि आमचे कंत्राटदार जागा बघायला आलेल्या मंडळींना असं दटावायचे. मंडळी हसायची, पण चपला काढायची. मग घरच्या बाईला ते त्या रेघांमधून हिंडवायचे. "हयसर चूल. हात फिरयून बघ गो, भिंतीक लागता?" ती बरं म्हणाली की मगच पाया खणायचा. नकाशा पुढ्यात असताना बाईमाणसाला विचारणारा कंत्राटदार तुम्ही तरी पाहिलाय का? मी हा एकच पाहिला.

माझा मालवणात कॉम्प्युटरचा क्लास होता. दोन हजार चारच्या सुमाराला ते माझ्याकडे आले. उजवा हात थरथरायला लागला होता, पेन्सिलीची रेघ सरळ येत नव्हती. "मास्तरांनु, नकाशे काढूचा सॉफ्टवेअर बघा. माका परवडात असा. पयलो नकाशो माझ्याच घराचो."

जन्मभर लोकांची घरं बांधून हा माणूस भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. देवबागच्या वाटेवर थोडी जागा घेऊन ठेवली होती. हात पुरता जायच्या आत तिथल्या घराचा नकाशा त्यांना स्वतः काढायचा होता.

नावाजलेलं सॉफ्टवेअर आवाक्याबाहेरचं. मी चोरून उतरवलेली सीडी पुढे केली. तेव्हा सगळे तीच वापरायचे. त्यांनी ती एका बोटाने परत सारली. "चोरीच्या चिऱ्यांच्या घरात झोप येता काय?"

शेवटी एक साधं, स्वस्तातलं सापडलं. तीस दिवस फुकट वापरायचं, मग विकत घ्यायचं. रोज दुपारी ते क्लासात येऊन बसायचे. उजव्या हातात माऊस आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. एका दुपारी एखादी भिंत व्हायची. झाली की स्वतःशीच म्हणायचे, "बरी इली."

विसाव्या दिवशी म्हणाले, "आता घेवया." पण मी दीडशहाणा. याहून स्वस्त मिळवून देतो म्हणालो आणि कोल्हापूर-पुण्याला फोन लावत बसलो. तीस दिवस भरले, नकाशा उघडेना. ते रागावले नाहीत. "बघा सावकाश. घर खंय पळान जाता?"

आठ दिवसांनी, सकाळी पाणी काढता काढता, ते विहिरीपाशीच गेले.

तेराव्यानंतर मी तेच सॉफ्टवेअर आणलं, त्याच किमतीला. नकाशा उघडला. सगळ्या भिंती होत्या, पुढचं दार तेवढं राहिलं होतं. ते माझ्यामुळे राहिलं. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

कागद घेऊन त्यांच्या घरी, वहिनींकडे गेलो, पण त्यांना तो उमगेना. म्हणून फक्कीची पिशवी घेतली आणि त्यांना जागेवर नेलं. मी कागदावर बघून रेघा ओढत गेलो, त्या बाहेरून बघत फिरत होत्या. मागच्या बाजूला थांबल्या.

"हो ओटो कित्याक?"

"मासे साफ करायला. वर छप्पर आहे. त्यांनी लिहून ठेवलंय."

इतकी वर्षं त्या भाड्याच्या खोलीमागे पावसात भिजत मासे साफ करत होत्या. नवऱ्याकडे कधी चकार शब्द काढला नव्हता, म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

जरा वेळाने विचारलं, "वहिनी, दार कुठे ठेवू?" त्यांनी रस्त्याकडची बाजू दाखवली. तिथली रेघ पुसायला मी तसाच आत पाय टाकला.

"चपलां भायर काढा, मास्तरांनु," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "घर आसा ह्या."