नांदेड ते लातूर, पाण्यासह

नातीनं मोबाईलवर नांदेड आणि लातूर टाकलं आणि मला वाचून दाखवलं, हवाई अंतर शंभरेक किलोमीटर, विमानाला वीस-पंचवीस मिनिटं. या दोन गावांत विमान चालत नाही, पण मोबाईलला वेळ मात्र पाठ! मी हसलो खरा, पण मला तो जुना एसटीचा प्रवास आठवला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसं आली, माणसं वाढली आणि नेमका तेव्हाच पाऊस रुसला. बायको पहिल्या बाळंतपणाला लातूरला, माहेरी गेली होती. त्या दिवसांत नांदेडहून लातूरला निघालेला माणूस सोयऱ्यांसाठी पाण्याचा कॅन न्यायचा. पेढ्यांना कुणी विचारत नव्हतं.

दुपारी ऑफिसात मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, अक्काला दवाखान्यात नेलंय. लक्षण बरं न्हाई. लगेच निघा. अन् पानी आणा, हितं थेंब न्हाई."

कॅन भरून मी एसटीत बसलो. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. कॅन दोन्ही पायांत धरलेला आणि डोळ्यांसमोर नको नको ते. अहमदपूरच्या अलीकडे गाडी तापली, वाफा निघायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला. "पानी हाय का कुणाकडं?"

हाय का म्हणे! अख्खी गाडी कॅनांनी भरलेली. आणि सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. "हे लेकीच्या घरचं हाय," एक जण पुटपुटला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला सगळ्यांचा संताप आला. आणि माझेच पाय कॅनभोवती आणखी आवळले गेले.

पाणी दिलं तर हात हलवत पोचायचं, नाही दिलं तर पोचायचंच नाही. तिकडे बायको जिवंत असेल का, हेच कळत नव्हतं. शेवटी कॅन उचलून ड्रायव्हरच्या हातात दिला. तो सगळाच रिकामा झाला, आणि गाडी चालू झाली.

शेजारी लोह्याला चढलेली म्हातारी होती. "कुनाला चाललं होतं रे पानी?"

"बायको अडलीय, मावशी."

तिनं आपल्या कॅनचं झाकण काढलं आणि धक्के खात निम्मं पाणी माझ्या कॅनमध्ये ओतलं. थोडं तिच्या लुगड्यावर सांडलं. मग मागच्या सीटवरून कुणीतरी भरलेला तांब्या पुढं केला.

पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. दवाखान्याच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी आधी कॅन उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "पोरगी झाली. पर ही डोळे उघडून न्हाई राहिली."

आत बायको पांढरीफटक पडली होती. मी तिचे ओठ ओले केले. हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं तिनं घोट गिळला. "लई उशीर केलात हो," ती म्हणाली, आणि मी भर वॉर्डात हंबरडा फोडला.

"फक्त वीस मिनिटं, आजोबा!" नात मोबाईल पुढं करत म्हणाली.

"तेवढ्यात यांचा कॅन तरी भरला असता का?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. दोघी हसल्या.

मला नाही हसू आलं. अजूनही लातूरचा फोन वाजला की मी आधी तिला हाक मारतो. ती ओ देईपर्यंत फोन उचलत नाही.