आमच्या गाडीचा तिसरा ब्रेक

आमच्या गाडीला ब्रेक होते. गाडी थांबण्याशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, एवढंच.

लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले, तेव्हा ही पांढरी मोटार इमारतीखाली आधीपासून उभी होती. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ती नंबर लावून, सहा वर्षं वाट बघून मिळवलेली. पुढे देशात गाड्यांचा सुळसुळाट झाला. लोक सकाळी शोरूममध्ये जाऊन संध्याकाळी नवी गाडी घरी आणू लागले, आणि अण्णांना ते अगदीच हलकं वाटू लागलं. वाट बघितल्याशिवाय मिळते ती वस्तूच नव्हे, असं त्यांचं मत. (त्यांच्या मुलाला मी तीन भेटींत होकार दिला, तेही त्यांना जरा घाईचंच वाटलं असावं.)

तर ब्रेक. अण्णांची पद्धत अशी की लांबवर लाल दिवा दिसला, की तेव्हापासूनच पेडल दाबायला लागायचं. पहिल्यांदा दाबून काही होत नसे. दुसऱ्यांदा दाबलं की आपल्याला काहीतरी सांगताहेत हे गाडीला कळे. तिसऱ्यांदा ती जराशी मनावर घेई. उरलेलं काम सासूबाईंचं. आई कायम अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसत आणि त्यांचा उजवा हात मधल्या हँडब्रेकवर असे. अण्णांनी नुसतं 'हं' म्हटलं की आई तो ओढत. टक, टक, टक, आणि गाडी उभी! वीस वर्षांत या विषयावर नवराबायकोत एकदाही चर्चा झाल्याचं कोणाला आठवत नाही. आईंना गाडी चालवता येत नाही. थांबवता मात्र येते.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी लक्ष्मी रस्त्यावर गाडी एका वाहतूक पोलिसाच्या मोटारसायकलला जाऊन अलगद टेकली. (आई त्या दिवशी भिशीला गेल्या होत्या.) पोलीस संतापला. अण्णांनी काच खाली करून त्याला शांतपणे सांगितलं, "हात दाखवायचा तर वेळेवर दाखवत चला." त्यानंतर काय झालं ते सांगत नाही, पण माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, चौकीवर जावं लागलं. घरी येऊन त्याने जाहीर केलं की आता बास, ही गाडी विकायची, दसऱ्याला झेंडूचा हार नव्या गाडीला घालायचा.

अण्णा 'बरं' म्हणून जेवायला बसले. हे फार वाईट लक्षण होतं. ते रोज सकाळी गाडी पुसत. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तर हातात फडकं घेऊन ते गाडीपाशी नुसतेच उभे होते, पुसत नव्हते. मला एकदम गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी काहीतरी उद्योग करते, असा आजवरचा अनुभव आहे.

मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू वापरताना माणूस कोणकोणत्या चुका करू शकेल, याचा आधीच विचार करायचा आणि त्याची यादी करायची. मला या कामाचा भयंकर अभिमान होता. मी श्रीरंगला म्हटलं, गाडीत दोष नाही, ब्रेक जुन्या पद्धतीचे आहेत. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू, जोडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावू. दसऱ्याआधी मी सगळ्या चाचण्या घेईन. एकही फसली तर गाडी विक. श्रीरंगने मान्य केलं, कारण फसणार याची त्याला खात्री होती.

अण्णा म्हणाले, "ज्याला गाडी चालवता येते त्याला ब्रेक लागत नाही." पण म्हणताना त्यांनी फडकं उचललं होतं.

कसबा पेठेतल्या दत्तू मिस्त्रींनी चार दिवसांत काम केलं. त्यांच्या बोळात गाडी नेणं हीच ब्रेकची पहिली परीक्षा होती, ती जुन्या ब्रेकनी आईंच्या मदतीने दिली. गाडी परत देताना मिस्त्री म्हणाले, "ताई, एक ध्यानात ठेवा. बूस्टरचा जोर इंजिन चालू असेल तोवरच. बंद केलं तर दोनतीनदा ब्रेक लागंल, मग पेडल दगड." मी म्हटलं, हो हो, चालत्या गाडीत इंजिन बंद करतंय कोण!

माझी यादी तेवीस चाचण्यांची झाली. कोरडा रस्ता, ओला रस्ता, मागे तीन माणसं, डिकीत दळणाचे डबे, समोर अचानक म्हैस. (म्हशीच्या जागी श्रीरंग उभा राहिला.) मी स्वतः गाडी चालवून एकेक चाचणी घेतली आणि तेवीसच्या तेवीस पास! पेडलला नुसता पाय लावला की गाडी जागच्या जागी थांबायची. सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन बघत होते. मी हवेतच होते म्हणा ना.

दसऱ्याआधीच्या रविवारी मी विजययात्रा काढली. बोपदेव घाटाच्या माथ्यावर जायचं, चहा प्यायचा आणि अण्णांनी गाडी खाली आणायची. निघताना आई सवयीने पुढे बसायला लागल्या. मी त्यांना दंडाला धरून मागे नेलं आणि म्हटलं, आई, तुमची ड्यूटी संपली, आता आरामात बाहेरचं बघा. त्या मागे बसल्या, पण सीटच्या पार कडेला. उजवा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मी वही घेऊन पुढे बसले.

घाट उतरताना अण्णांनी कमाल केली. एकेक वळण, हलकासा ब्रेक, गाडी मुठीत. मी वहीत बरोबरच्या खुणा करत होते आणि मधूनमधून मागे वळून श्रीरंगकडे बघत होते. तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटचं वळण संपलं, समोर सरळ लांब उतार आला आणि खाली रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसायला लागल्या. अण्णांचा चेहरा खुलला होता. इतक्या दिवसांनी ते गुणगुणायला लागले, आणि गुणगुणता गुणगुणता त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"अण्णा, हे काय?"

"उतार आहे. पेट्रोल काय झाडाला लागतं?"

वीस वर्षं हा माणूस प्रत्येक उतारावर इंजिन बंद करत होता! पर्वतीचा उतार असो, लकडी पुलाचा असो. घरात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या सीटवर मला ते कधी जाणवलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

आता पाट्या जवळ यायला लागल्या. अण्णांनी ब्रेक दाबला, तोही जुन्या सवयीने: एकदा, दोनदा, तीनदा. झालं, बूस्टरमधला सगळा जोर तिथेच संपला. चौथ्यांदा पेडल हलेना. अण्णा माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी शहाण्या माणसाने 'इंजिन चालू करा' एवढंच म्हणावं. मी म्हणाले, "त्याचं तत्त्व असं आहे की..."

श्रीरंग मागून देवाचं नाव घ्यायला लागला. मी तत्त्वाच्या दुसऱ्या वाक्यावर होते. सीताफळवाली उठून उभी राहिली होती.

अण्णा म्हणाले, "हं."

दोन सीटच्या मधून एक हात पुढे आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. टक. गाडीने दम खाल्ला. टक. वेग ओसरला. टक. गाडी पहिल्या पाटीपासून वीतभर अंतरावर, एकही सीताफळ न दुखावता उभी राहिली.

सीताफळवालीने खिडकीतून आत बघितलं. सगळ्यांचे चेहरे निरखून ती म्हणाली, "येवढ्या घाईनं आलाच हाय, तर दोन डझन तरी घ्या." आम्ही सगळी पाटीच घेतली.

परतीच्या वाटेवर सीताफळांची पाटी श्रीरंगच्या मांडीवर होती. मी मनातल्या मनात गाडीचा निरोप घेत होते. शेवटी मीच म्हटलं, चाचणी फसली, विका. श्रीरंगने मांडीवरचं एक सीताफळ दाबून बघितलं. मग म्हणाला, "गाडी थांबली की नाही? मग फसली कशी?" मी शेजारी अण्णांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते भरून आले होते, पण त्यांनी धुराळ्याला दोन शब्द सुनावून वेळ मारून नेली. उतारावर इंजिन बंद करणार नाही, असं वचनही त्यांनी दिलं. आईंना दिलं, मला नाही.

दसऱ्याला झेंडूचा हार याच गाडीला चढला. अण्णांनी हारातला एक तुकडा तोडून हँडब्रेकला बांधला आणि आईंकडे न बघता 'हं' म्हणाले. आईंनी पदराने डोळे टिपले आणि पुढचं दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मी यादीत चोविसावी चाचणी लिहिली: 'गाडी उतारावर, इंजिन बंद, चालक अण्णा. अपेक्षित निकाल: आई.' पास. तेव्हापासून माझी जागा मागे ठरलेली आहे, आणि काही अडलंच तर तत्त्व समजावून सांगायला मी असतेच.