आधी भिंत, मग चहा

मी ओरडून सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. शिकवणाऱ्या सरांनी नाही, पोपटभाऊनं नाही, जिचं घर तिनंसुद्धा नाही! आता जो तो म्हणतो, "तुमी बोलला व्हता खरं." ते खरं आता काय चाटायचंय? घरं तपासत हिंडलं की असले किस्से भिंतीवरच्या गोवऱ्यांसारखे साचतात. एक काढावी तर तिच्या शेजारची आपोआप सुटून हातात येते.

*

आमच्या मढला एका संस्थेनं घर तपासनिसांचं ट्रेनिंग काढलं. डोंगरातली घरं बघायची, कुठली भिंत धोक्याची ते लिहायचं. शेवटी परीक्षा, पास झालं की सर्टिफिकेट. मी गवंड्याच्या हाताखाली जन्म काढलेला. गेले नाव द्यायला.

सर म्हणजे कोवळा इंजिनियर. "शिक्षण किती, ताई?"

"चौथी."

"अट दहावीची आहे."

"भिंत पडताना इचारती व्हय, खाली चौथीवाली हाय का धाव्वीवाली?"

सरांनी बसू दिलं. सर्टिफिकेट मिळणार नाही, हे मात्र तिथंच सांगितलं.

*

पहिलं प्रॅक्टिकल गावातच. घरवालीला आधीच कुणकुण लागलेली. आम्ही गेलो तर भिंती सारवलेल्या, वर चुना मारलेला, दारात रांगोळी! सर खूश. मी केसातली पिन काढून कोपरा खरवडला. आत बोट जाईल एवढी भेग, शेणामातीनं बुजवलेली.

बाई अंगावरच आली. "पावणं म्हणून आलाय, का घर उघडं पाडाया?"

सर म्हणाले, "अहो, आम्हाला भिंत जशी आहे तशी बघायचीय."

"म्हंजी पारोशीच दाखवू काय?"

*

पोपटभाऊ आमच्याच बॅचचा, पेठचा. तोंडानं गोड, मनानंही वाईट नाही. घरात शिरला की आधी चहा, मग पोहे, मग गप्पा. आणि शेवटी लिहायचा, 'घर उत्तम'.

सर चिडले. भाऊ म्हणाला, "ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या घराला नावं कशी ठिवायची, सर?"

तेव्हापासून सरांनी नियमच केला. "आधी भिंत, मग चहा!"

पुढच्याच घरी भाऊ उंबऱ्यात कपबशी घेऊन उभा. म्हणाला, "काय करू राव? भिंतीकडं जाताना वाटंतच लागला!"

*

परीक्षेत भाऊ पहिला आला. सर्टिफिकेट फ्रेम करून घरी लावायला काढलं, आम्हा सगळ्यांना पेढे खायला बोलावलं. भिंतीत खिळा ठोकला, तसा ताटाएवढा गिलावा धाडकन खाली आला.

मी म्हटलं, "भाऊ, पयली तपासणी झाली तुमची."

सगळे हसले. भाऊही हसला. गिलावा पडला त्याच जागी त्यानं फ्रेम लावली. भोक झाकलं गेलं.

*

मग खऱ्या तपासणीला घाटघर गाव, मीही बिनसर्टिफिकेटची सोबत. ठकूमावशी तिथं एकटी राहायची. दगडमातीचं घर, मागची भिंत पोटुशी बाईसारखी फुगलेली. भिंतीच्या पल्याड गोठा, त्यात तिची म्हैस हौशी. ती भिंत बघायला शिक्षण लागत नव्हतं. दिसत सगळ्यांना होतं.

मावशीनं फडताळातल्या ठेवणीतल्या कपांतून चहा दिला. "घ्या, हौशीच्या दुधाचा हाय." सरांचा नियम सरांनीच मोडला. एवढ्या म्हातारीला नाही कसं म्हणायचं?

भाऊनं पेन काढलं तशी ती म्हणाली, "लेका, धोका लिवू नगं. पुतण्या लगीच पेठला न्हेईल. तितं फ्लॅटमदी हौशीला कुठं बांदू?"

भाऊनं लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. सरांनी खाली सही केली.

मी ओरडले, "आरं, ही भिंत पडंल! मावशी, निदान हौशीला तरी हितं बांदू नगं!"

भाऊ म्हणाला, "सर्टिफिकेट हाय का तुमच्याकडं?"

आणि मावशी म्हणाली, "तोंडातनं शुभ काढ, बाई."

*

श्रावणात झड लागली आणि भिंत गेली. दिवसाउजेडी. मावशी खाचरात होती म्हणून वाचली. भिंत गोठ्यावर पडली, हौशी आत बांधलेली.

आम्ही सगळे धावलो. पंचनाम्याला एक माणूस आला होता. सर म्हणाले, "मी शिकवलं ते नियमानुसारच होतं." भाऊ म्हणाला, "मी पाह्यली तवा भिंत उभी व्हती, साहेब." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "म्हस अंग घासायची भिंतीला. मी बघितलंय."

मी तोंड उघडलं, तर मावशीनं माझा हात धरला. दुसऱ्या हातात नुसतं दावं होतं. त्याला अजून गोठ्याचा वास येत होता.

पंचनाम्यावाला म्हणाला, "आजी, तुमचं काय म्हणणं? कुणामुळं पडली? नाव सांगा."

मावशीनं सरांकडं बघितलं. भाऊकडं बघितलं. दोघांच्या माना खाली. दोघंही तिच्या घरचा चहा प्यालेले.

"लिवा," ती म्हणाली. "हौशी."