मुक्या बांगड्यांची मुकादम

पिंपळवंडीत खंडू मुकादमाइतका विचारी माणूस दुसरा नाही, असं अठरा वर्षं सगळे समजत होते. कांद्याची बराख फोडायची, म्हणजे साठवलेला कांदा बाहेर काढून निवडायचा म्हटलं, की शेतकरी खंडूच्याच दारात. "गोणीमागं काय घेशील?" असं विचारलं की खंडू लगेच बोलायचा नाही. टोपी काढायचा, टोपीत बघायचा, परत घालायचा. मिशीवरून बोट फिरवायचा. मग आभाळातून काही ऐकू आल्यासारखं म्हणायचा, "परवडत न्हाई, राव." आणि खरोखरच परवडत नसायचं.

आता शेजारपाजाऱ्यांपासून काय लपतंय! खंडूला ऐकू यायचं ते आभाळातून नव्हे, पाठीमागच्या उंबऱ्यातून. तिथं द्रौपदा, त्याची बायको, डोक्यावर पदर घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या की 'हो म्हणा'. दोनदा वाजल्या की 'नाय म्हणा'. आणि सारख्या खळाखळा वाजू लागल्या की 'पावण्यांना उठवा, दूध संपलंय'. लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे तारायंत्र बसलं होतं. चार माणसांत नवऱ्याच्या वर बोललं तर त्याची शोभा जाते, आणि नाही बोललं तर टोळी उपाशी मरते. मग हा मधला रस्ता.

टोळी चौदा बायकांची. कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाची कुणाशी बोलाचाल बंद आहे, कुणाला उन्हाकडं तोंड करून बसवायचं नाही, हे सगळं द्रौपदाच्या डोक्यात. पिकअप तीच बोलावणार, चुकलेला कांदा तीच ओळखणार. खंडू झाडाखाली बाजेवर. त्याला कपबशीत चहा, बायकांना लांबून पाणी. गोण्या उचलणाऱ्या गड्याला पुरी हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, आणि दिवसभर उकिडवं बसून निवडणाऱ्या बाईला निम्म्याहून जरा जास्त. का, तर बसून काम आहे. बसून म्हणे! ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा उकिडवा बसवायला पाहिजे, सकाळी नऊपासून.

द्रौपदाला गावात मुकादमीण म्हणत. पाटलीण, मास्तरीण, तशी मुकादमीण. मुकादमकी करणारी नव्हे, मुकादमाला भाकरी करून घालणारी. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, वाटलं असेल तर तिनं ते बांगड्यांनाही कळू दिलं नाही.

मग वारूळवाडीच्या रस्त्याला ते शेड आलं. शेतकरी बायकांनीच काढलेली कंपनी, कांदा निवडायचा चालता पट्टा, आणि त्या पट्ट्यावर एक मुकादम नेमायचा होता. महिन्याचा पगार, गळ्यात फोटोचं कार्ड. द्रौपदा ते ऐकून आली. आजवर जिथं जिथं तिचं नाव लागलं, तिथं पुढं 'घरकाम' लिहिलेलं. ते कार्ड तिला हवं होतं. किती हवं होतं ते तिनं फक्त सरूबाईला सांगितलं. सरूबाई ही टोळीतली सगळ्यांत म्हातारी आणि जिभेनं सगळ्यांत तरणी.

शुक्रवारी दुपारी बांधावर भाकरी खाताना द्रौपदाच्या मोबाईलवर, म्हणजे टोळीच्याच नंबरावर, फोन आला. कंपनीची श्रेया नावाची जुन्नरचीच मुलगी बोलत होती. "मुकादम बोलताय का?"

"न्हाई, मी मुकादमीण."

"मग मुकादमांनाच सोमवारी पाठवा ना, पट्ट्यावरच्या नोकरीसाठी. टोळी पण येऊ द्या. त्यांचं नाव काय लिहू?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव द्रौपदानं उभ्या जन्मात घेतलेलं नव्हतं, उखाण्याचा दिवस सोडला तर. तिनं फोन सरूबाईपुढं धरला. "ह्यांचं नाव सांग गं."

"खंडू!" सरूबाई ओरडली. पलीकडं 'खंडू' लिहून झालं आणि फोन बंद.

मग द्रौपदाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"काय झालं गं?" सरूबाई म्हणाली.

"माझी नोकरी मीच दिऊन टाकली."

"तुझ्या तोंडानं! वर नाव सांगायला मला लावलंस. कर परत फोन."

"करून काय सांगू? ह्यांना काढा, मला घ्या? लोकं काय म्हंतील? जाऊ दे. ह्ये जातील, मी हायेच की मागं."

"बांगड्या वाजवायला?"

"मग काय झालं?"

"काय नाय. फकस्त कार्डावर फोटू काढताना बांगड्यांचा काढाय सांग." सरूबाईनं चटणीचं बोट चाटलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

सोमवारी खंडू इस्त्रीचा सदरा घालून निघाला. सदऱ्याला इस्त्री द्रौपदानं केलेली. एवढी कडक, की मानगुटीला टोचत होती. ते मुद्दाम होतं की चुकून, देव जाणे.

शेडच्या दारातच गोंधळ उडाला. श्रेयानं सगळ्यांना टोप्या आणि ॲप्रन दिले आणि म्हणाली, "घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पट्ट्यात अडकतात."

चौदा बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"बांगड्या न्हाई निघायच्या," एकजण म्हणाली. "नवरा जिता हाय माझा."

"माझा नाय," सरूबाई म्हणाली, "पण माझ्याबी न्हाई निघायच्या. माझ्या पैशाच्या हायत."

श्रेया पोरगी शहाणी. तिनं विचार केला आणि मनगटाला इलॅस्टिक असलेल्या लांब, सुट्या कापडी बाह्या काढल्या. बांगड्या वर सारायच्या, त्यावर बाही चढवायची, वरून नाडी बांधायची. बांगडी हातातच राहील, पण हलणार नाही. सगळ्या खूश. द्रौपदानंही नाडी बांधून घेतली. हात सहज झटकून बघितला. आवाजच नव्हता.

खंडू तिकडं पट्ट्याशी जाऊन उभा राहिला होता. पट्टा सुरू झाला तसा कांदा पळायला लागला. मोठा, मध्यम, गोल्टी. बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात एवढं खंडूला येत होतं, तेवढं त्यानं सांगितलं. मग श्रेयानं खरी परीक्षा काढली.

"मुकादम, हा गेणभाऊंचा माल. आत्ता ट्रकमध्ये भरायचा, आठ दिवस लांब जाणार आहे. भरू का?"

गेणभाऊ शेतकरी कोपऱ्यात उभे होते. साठीचे गृहस्थ, वर्षभराचा कांदा त्या ढिगात. "लई वाळलाय," ते म्हणाले. "दगडासारखा हाय."

खंडूनं टोपी काढायला हात नेला. तिथं कंपनीची जाळीची टोपी. ती निघेना. मिशीवर बोट फिरवलं आणि कान मागं लावले. द्रौपदानं एक कांदा उचलला होता. वरून लालभडक, चकचकीत. तिनं अंगठ्यानं मान, म्हणजे देठाकडचं टोक, दाबली. मान आत गेली. दुसरा उचलला, नाकाला लावला. ओल होती. हा कांदा आठ दिवस बंद ट्रकात गेला तर शेजारच्या गोण्या घेऊन नासणार होता. तिनं हात दोनदा झटकला. पुन्हा दोनदा. जोरात. शेजारची बाई म्हणाली, "मुंग्या आल्या का गं?"

खंडू वाट बघून बघून थकला. काहीच वाजेना. न वाजणं हा तर त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. घाम पुसत तो म्हणाला, "भरा की. चांगला दिसतोय."

श्रेयानं माणसांना हात केला. पहिली गोणी उचलली गेली.

द्रौपदानं खंडूकडं बघितलं, गेणभाऊंकडं बघितलं. डोक्यावरचा पदर टोपीखाली गेला होता, पुढं ओढायलाही काही नव्हतं.

"थांबवा!" ती म्हणाली. मग मोठ्यानं, "थांबवा त्यो ट्रक! मान ओली हाय. वरनं वाळलाय, आतनं न्हाई. ह्यो माल नारायणगावच्या पुढं न्यायचा न्हाई. आज हितंच इका, गेणभाऊ, न्हाईतर आठ दिसांनी नुसतं पाणी उतरवशीला."

तिनं कांदा फोडून गेणभाऊंच्या हातात दिला. मधली पाकळी पाणावलेली, कडेला काळी रेघ. गेणभाऊ बघत राहिले. त्यांनीही एक फोडला, मग दुसरा. आणि ती गोणी स्वतःच्या हातानं खाली उतरवून घेतली.

श्रेयानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी मुकाद..." तिथंच ती अडली. तो शब्द तोंडात आला होता, रोजचा, सवयीचा. शुक्रवारी याच शब्दानं घात केला होता.

"म्हणजे मुकादमांच्या मिसेस ना?"

पट्टा बंद होता. चौदा बायका बघत होत्या. सरूबाईनं श्वास रोखला होता, आणि तिच्या दम्याला ते परवडणारं नव्हतं.

"न्हाई," द्रौपदा म्हणाली. "ह्ये माझं मालक हायत. मुकादम न्हाईत. मुकादम मीच."

सगळ्यांनी खंडूकडं बघितलं. माणूस चिडेल, निघून जाईल, काहीतरी होईल असंच वाटत होतं. खंडूचे कान लाल झाले. त्यानं टोपीशी पुन्हा एकदा झटापट केली, आणि या वेळी ती निघाली. टोपीत त्यानं बघितलं. आत काहीच नव्हतं.

"म्याडम," तो म्हणाला, "मला ह्ये अठरा वर्सं सांगायचं व्हतं. पण बांगडीच वाजली न्हाई."

बायका हसल्या त्या हसल्याच. श्रेयाला काही कळलं नाही, तरी तीही हसली. द्रौपदा तेवढी हसली नाही. तिला रडू येत होतं, आणि पदर टोपीखाली अडकलेला, डोळे पुसायची सोय नाही.

श्रेया कार्ड भरायला बसली. "महिला मुकादम लिहिते."

"गडी असता तर पुरुष मुकादम लिवलं असतं का?"

श्रेयानं 'महिला' खोडलं. मग द्रौपदानं दोन अटी घातल्या. निवडणाऱ्या बायांना बसायला स्टूल, आणि उचलणाऱ्याला जेवढी हजेरी तेवढीच निवडणाऱ्याला. स्टूल त्याच आठवड्यात आले. हजेरीला संचालक बायकांच्या दोन बैठका लागल्या. त्यातल्या दोघींचे नवरे गोण्याच उचलतात, तेव्हा लागायच्याच. पण झाली. आणि गोण्या शिवायला एक माणूस पाहिजे होता, तिथं खंडू लागला. हात चांगला आहे त्याचा शिवणीला. अठरा वर्षं बाजेवर कुणाला कळलंच नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला द्रौपदा गळ्यात कार्ड घालून हजेरी घ्यायला उभी राहिली. आठवीपर्यंत शिकलेली, वाचन खणखणीत. नावं सरासरा गेली आणि एका नावाशी बोट थांबलं. वर बघितलं तर खंडू दाभण घेऊन रांगेत, पोराटोरासारखा सरळ उभा.

बायकांना वास लागलाच. "घ्या नाव!" सरूबाई ओरडली. "उखाणा पायजे! उखाण्याबिगर न्हाई सोडायचं!"

द्रौपदानं बाहीवरनं बांगड्या चाचपल्या. होत्या जाग्यावर, गप्प.

"उखाणा जेवायच्या सुट्टीत," ती म्हणाली. "आता हजेरी हाय."

आणि वहीत बघून, जरा लाजून, पण शेवटच्या स्टुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक दिली, "खंडू!"

"हजर, मुकादम."