मैदानात बसवलेली मेंढरं

मी गोलकीपर होतो, त्यामुळे आमच्या सेंटर हाफला मी बहुतेक पाठमोराच पाहिला. डोळे मिटले की ती पाठ अजून दिसते. काळी, रुंद, आणि उजवा खांदा किंचित खाली, कारण लहानपणापासून त्याच खांद्यावर काठी आणि घोंगडी. बाकीच्यांना त्याचे पाय आठवतात. माझं म्हणणं असं की तो पायांनी खेळायचाच नाही, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्याच्या मागे मी उभा असायचो, ते नव्हे.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. पाटोद्याला हैदराबादेहून एक तहसीलदारसाहेब बदलून आले, माणूस मोठा शौकीन. त्यांच्या सामानात हुक्का, पिंजऱ्यातले तितर आणि एक कातडी चेंडू. तालुक्याच्या गावात साहेबाला जे आवडतं ते सगळ्यांना आवडावंच लागतं. बघता बघता कचेरीतले कारकून, ठाण्यातले जवान आणि शाळेतली थोराड पोरं धोतरं खोचून कचेरीमागच्या मैदानात धावू लागली. माझे वडील कचेरीत कारकून, तेव्हा माझी सुटका नव्हती. मी उंच, काटकुळा, पळण्यात नालायक. ज्याचा कुठंच उपयोग नाही त्याला दोन बांबूंच्या मधे उभा करायचा, असा ठाण्याच्या जमादारानं कायदाच केला होता. मला त्याचा राग तेव्हा होता आणि आताही आहे.

ते मैदान खरं म्हणजे मेंढरांचं. एक धनगर आणि त्याचा तरणा मुलगा तिथं कळप चारायचे. बायको कधीच वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात हे दोघं आणि मेंढरं. म्हातारा अबोल. मुलगा त्याला आबा म्हणायचा म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. आम्ही खेळायला आलो की तो आमच्याकडे असं बघायचा, जणू ही चांगली चालती-बोलती माणसं एकदम कशी बिघडली.

एकदा एक जवान हिवतापानं पडला आणि माणूस कमी आला. जमादारानं त्या धनगराच्या पोराला दंडाला धरून मैदानाच्या मधोमध आणून उभा केला. खेळ सुरू झाला. सगळे चेंडूमागे, आणि हा आपला जागच्या जागी.

"पळ बे! पळ!" जमादार ओरडला.

"कावून पळू?" तो शांतपणे म्हणाला. "चेंडू इकडंच यायलाय की."

आणि चेंडू खरंच तिकडं आला. त्यानं तो अनवाणी पायानं थांबवला आणि जिथं कुणीच नव्हतं अशा मोकळ्या जागेत टाकून दिला. आम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. पुन्हा तेच, पुन्हा शिव्या. शेवटी आमच्यातला एक जवान चुकून त्या मोकळ्या जागेत पोचला, आणि समोर बघतो तर बांबूंच्या मधे फक्त पलीकडच्यांचा गोलकीपर. त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या आणि आम्ही मोकळ्या जागांकडं पळायला शिकलो.

हे तुला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. तो मला "धाकले कारकून" म्हणायचा, चिडवायला.

"मेंढरामागं पळालं की मेंढरू अजून पळतं, धाकले कारकून. ते कुठं वळणार तिथं आधी जाऊन उभं ऱ्हायचं. आबानं शिकवलंय. तुमी सगळी चेंडूच्या शेपटाला लागता."

एवढंच होतं त्याचं गुपित. पुढे त्याच्याविषयी शहरातल्या लोकांनी लई काय काय सांगितलं, पण याच्यापेक्षा जास्त मला कधी काही सापडलं नाही.

पण त्याचा खेळ अर्ध्या वर्षाचाच. दिवाळी झाली की बापलेक कळप घेऊन गोदावरीकाठाकडं निघायचे आणि पाऊस जवळ आल्यावर परतायचे. तो गेला की आमची टीम म्हणजे शेंडा ना बुडखा. बीडचे लोक येऊन आम्हाला धुऊन जायचे आणि चेंडू जाळीतून काढायचं काम माझं. जाळी नव्हतीच म्हणा. मागच्या बाभळीतून काढायचं.

एका वर्षी, बापलेक निघायच्या आधीच, बातमी आली की हैदराबादच्या फौजेतले एक मोठे अधिकारी दौऱ्यावर येताहेत. त्यांच्याबरोबर फौजेची फुटबॉल टीम, आणि पाटोद्याला मुक्काम. तहसीलदारसाहेबांनी धनगराच्या पोराला बोलावून सांगितलं, "अच्छा खेलेगा तो साहब तेरे कू हैदराबाद ले जाते." बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याला किती जायचं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मेंढरांसाठी जन्मलेला म्हणून आम्ही त्याला गृहीतच धरलं होतं. त्याला मात्र एकदा तरी अशा लोकांबरोबर खेळायचं होतं, ज्यांना मोकळ्या जागेत जा असं सांगावं लागत नाही.

अडचण एकच, आबा. एकुलता एक मुलगा गेला तर म्हाताऱ्यानं एकट्यानं कळप नदीकाठी कसा न्यायचा? मुलानं विषय काढला तेव्हा आबा उठून बाहेर गेला. त्यानंतर आठवडाभर तो मुलगा उठायच्या आधीच कळप घेऊन निघायचा. शेवटी मुलगा मला म्हणाला, "आबा न्हाई म्हटला तर म्या जाणार न्हाई. पळून तर बिलकुल जाणार न्हाई." माझे वडील मध्ये पडायला गेले, तर आबानं त्यांना मेंढरं मोजायची आहेत असं सांगून वाटेला लावलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही चुना टाकायला मैदानावर गेलो आणि दारातच थबकलो. दार म्हणजे काय, दोन दगड होते. मैदान इथून तिथून लेंड्यांनी काळंभोर झालेलं. मुतानं जमीन ओली, आणि वास असा की जमादाराच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री कुणीतरी अख्खा कळप मैदानात बसवला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

"बुड्ढे ने जानबूझ के किया!" जमादार गरजला. "पोरगं जाऊ नये म्हणून! आता साहेबाला तोंड काय दाखवू?" तहसीलदारसाहेब खुर्ची मागवून खाली बसले. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला बांधून आणा, कुणी म्हणालं खराटे आणा. माझंही डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात आबाचा मुलगा आला. सगळे त्याच्यावर तुटून पडले, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो उकिडवा बसला, जमिनीवरून बोटं फिरवली, मग उठून थोडं पुढं गेला, पुन्हा बसला. मेंढरांभोवती रात्री जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. तिच्या खुंट्यांची भोकं तो बघत होता. ती एका जागी नव्हती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओळीनं गेली होती.

मग तो माझ्याकडं आला. डोळे भरलेले.

"आबा रातभर झोपला न्हाई, धाकले कारकून. वाघर हलवत बसला. कुठंच कमी न्हाई, कुठंच जास्त न्हाई. पाटलाच्या बागायतीत बी इतकं बराबर बसवत न्हाई." आणि मग हळूच म्हणाला, "आबानं हो म्हटलंय."

आमच्याकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कळप रानात एक रात्र बसला की ते रान पुढं पिकतं. त्यासाठी मोठमोठे जमीनदार धनगराच्या विनवण्या करतात आणि वर धान्य देतात. फुकट कुणी बसवत नाही. ज्या रानात आपल्या मुलाला उभं राहायचंय ते रान चांगलं पिकावं, म्हणून म्हाताऱ्यानं त्याच्याकडं होतं नव्हतं ते सगळं तिथं आणून बसवलं होतं. फुटबॉलला लेंड्या चालत नाहीत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तिथंच भडभडून आलं. मी चुन्याची पाटी उचलून तोंड दुसरीकडं केलं.

फौजेचे अधिकारी आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. तहसीलदारसाहेब खुर्चीतून उठून नुसते सलाम करत राहिले. तेव्हा हाच पुढं झाला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "साहब, मेरे बाप ने किया. रान अच्छा होना करके."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं, मैदानाकडं बघितलं आणि रुमालाआडून म्हणाले, "ठीक है. खेलो."

असा सामना मी पुन्हा पाहिला नाही. बूट घातलेले फौजी पाय घसरून धडाधड पडत होते आणि आमचे अनवाणी लोकही त्यांच्या अंगावर पडत होते. चेंडू हातात धरवत नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं सांगतो. आम्ही हरलो. पण सगळा वेळ मैदानाच्या मधोमध ती एक पाठ उभी होती. तो पडला नाही, कारण तो पळतच नव्हता. चेंडू त्याच्याकडं यायचा आणि जिथं जायला हवा तिथं जायचा. पुढं पुढं तर फौजेचे लोकही सवयीनं मोकळ्या जागेत पळू लागले आणि त्यानं चेंडू टाकावा म्हणून वाट बघू लागले. खेळ संपल्यावर अधिकाऱ्यांनी आंघोळीला जायच्या आधी पहिली गोष्ट केली ती त्याला बोलावण्याची. आणि ज्या खेळासाठी म्हातारा रात्रभर जागला होता, तो चालू असताना म्हातारा स्वतः लिंबाखाली घोंगडी तोंडावर घेऊन घोरत होता.

मुलगा हैदराबादेला गेला. आबानं अर्धा कळप जावयाच्या हवाली केला आणि उरलेली मेंढरं घेऊन एकटाच नदीकाठी जाऊ लागला.

पुढं मी शिकायला हैदराबादेला गेलो, तेव्हा सामन्याच्या दिवशी गर्दीत घुसून त्याला पाहिला. बूट, मोजे, रंगीत सदरा. माणसं झाडांवर चढलेली. हाफ असून लोक गोल करणाऱ्याला सोडून याला खांद्यावर घ्यायचे. पण मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. मी प्रथमच त्याला समोरून खेळताना पाहत होतो, आणि तो हसत होता. सगळा वेळ, लहान मुलासारखा. पाटोद्यातही तो असाच हसत असणार आणि मी इतकी वर्षं मागं उभा राहून नुसती पाठ बघत बसलो, याची मला फार चुटपुट लागली. खेळ संपल्यावर मला पाहून तो गर्दीतून धावत आला. "तू कवा आलास बे?" त्यानं मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. ते मला किती आवडलं, सांगता येत नाही.

त्याचे काही हंगाम असे गेले की शहरात त्याचं नाव घेतल्याशिवाय चहा संपत नसे. मग एका उन्हाळ्यात, तापून दगड झालेल्या मैदानावर, त्यानं नेहमीसारखी गिरकी घेतली. अंग वळलं आणि गुडघा तिथंच राहिला. कुणी धक्का दिला नव्हता. दवाखान्यात पाय बांधून ठेवला. सोडला तेव्हा तो चालू शकत होता, पण गिरकी गेली होती. फौजेनं त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. चार दिवस बसला आणि मला म्हणाला, "मला घरी घेऊन चल."

जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून बीडपर्यंत खटारा मोटार, पुढं बैलगाडी. गाव दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, "आबाला काय सांगू?"

"सांगायचं काय? गुडघा गेला म्हणून सांग."

"तसं न्हाई. त्यानं फुकट बसवलती. सगळी. त्याला काय सांगू?"

मी गाडीवानाला बैल जरा हळू हाकायला सांगितलं.

आबा छपरात बसून लोकर कातत होता. खूप वाळला होता. मुलगा लंगडत आत आला, तसा त्यानं पायाकडं एकदा बघितलं आणि कातत राहिला. पाणी झालं, गूळ झाला. मुलगा समोर मान खाली घालून बसला. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "तितलं रान कसं होतं?"

"लई मोठं, आबा. पर दगडावानी. पाऊस पडला तरी टणकच."

"तितं कुणी मेंढरं बसवत न्हाई व्हय?"

"न्हाई."

म्हाताऱ्यानं लोकर कातायची चाती मांडीवर ठेवली. हात पुढं करून मुलाच्या गुडघ्यावर ठेवला, मेंढराचा पाय चाचपावा तसा चाचपला.

"न बसवता इतके साल पिकलं," तो म्हणाला. "लई पिकलं रं."

मुलगा आबाच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. मी बाहेर येऊन बैल सोडायला लागलो. गाडीवान सोडतच होता, तरी मी सोडायला लागलो.